जटाधारी पुली आणि बडोद्याचा पावसाळा

ज्या कुत्र्याला उभ्या आयुष्यात कंगवा लावायचा नसतो, तो कुत्रा त्याच्या मुलखात जाऊन बघावा म्हणून मी मे २०२५ मध्ये होर्तोबाजला गेलो. होर्तोबाज म्हणजे हंगेरीच्या पूर्वेकडचं अफाट गवताळ मैदान. ऑफिसच्या कामासाठी माझा मुक्काम बुडापेस्टला होता. बरोबरची मंडळी सुट्टी मिळाली की व्हिएन्ना, प्राग, साल्झबर्ग करत होती. माझ्यावर मात्र बडोद्याहून एक काम सोपवलेलं होतं.

काम सोपवणारी माझी चौदा वर्षांची भाची. ताईचं घर समा भागात, विश्वामित्रीपासून फार लांब नाही. त्यांच्याकडे चिकू नावाचा पूडल आहे. ऑगस्ट २०२४ चा पूर आपल्यापैकी कोणीच विसरलेलं नसेल. विश्वामित्रीची धोक्याची पातळी २६ फूट, आणि पाणी ३५ फुटांच्या वर गेलं होतं. सोसायट्यांमधून मगरी निघत होत्या. ताईच्या तळमजल्यात कमरेएवढं पाणी शिरलं आणि सगळं घर दोन दिवस वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे राहिलं. वीज नव्हती, कोरडा टॉवेल नव्हता, आणि चिकू भिजला तो भिजलेलाच राहिला. पाणी ओसरल्यावर घरातला चिखल काढण्यात आठवडा गेला. तोवर चिकूच्या पोटाखालच्या आणि कानामागच्या कुरळ्या केसांचा घट्ट गठ्ठा झाला होता. जनावरांच्या डॉक्टरांनी मशीन लावून त्याला पूर्ण भादरलं. खालची कातडी लालबुंद झालेली होती, दोन ठिकाणी पाणी सुटलं होतं.

भाचीला ते फार लागलं. केस परत वाढायला लागले तसा तिने फोनवर शोध सुरू केला आणि तिला मार्क झुकरबर्गचा 'बीस्ट' सापडला. फरशी पुसायच्या मॉपला चार पाय फुटावेत तसा दिसणारा हा कुत्रा पुली जातीचा. त्याच्या अंगावर केस नसून जटा असतात, त्या विंचरायच्या नसतात, आणि पूडलच्या केसांच्याही अशा जटा करता येतात, एवढं वाचून तिने जाहीर केलं, "मामा, आपण चिकूच्या जटाच करूया. मग गुंता व्हायचा प्रश्नच नाही!" ताई म्हणाली, अजिबात नाही. भाऊजी म्हणाले, बघू. वरच्या मजल्यावरच्या आजींनी निकाल दिला की जट आपणहून आली तर ती कापू नये, देवीची असते. शेवटी, मामा हंगेरीत आहे तर मामानेच बघून सांगावं, असं ठरलं.

मैदान आणि राखणदार

बुडापेस्टच्या न्युगाती स्टेशनवरून निघालो. १८७७ मध्ये उघडलेलं हे स्टेशन आयफेलच्या कंपनीने बांधलं, तोच पॅरिसच्या मनोऱ्याचा आयफेल. अडीच तासांनी देब्रेत्सेन, तिथून गाडी बदलून तासाभराच्या आत होर्तोबाज. देब्रेत्सेन सोडलं की जमीन इतकी सपाट होते की मला अहमदाबादहून भावनगरला जाताना लागणारा भाल आठवला. मातीही तशीच, खारवट. शेतीला बरी नाही, चराईला उत्तम. म्हणूनच इथे शेकडो वर्षं गुरं, घोडे आणि मेंढ्या राहिल्या. १९७३ मध्ये हे मैदान हंगेरीचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९९९ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलं.

गाव अगदी छोटं आहे. सगळ्यांचे फोटो काढायचे ठिकाण म्हणजे नऊ कमानींचा दगडी पूल. १८३३ मध्ये पूर्ण झालेला, १६७ मीटर लांब. पुलाशेजारी जुनी खाणावळ आहे. तिथे गुलाश खाऊन मी लांगोशही घेतला. हा आपल्या भटुऱ्याचा सख्खा भाऊ, फक्त वर लसूण, क्रीम आणि किसलेलं चीज. सेव-उसळीची सर नाही, पण परदेशात तळलेलं काही मिळालं की बडोदेकराचा जीव शांत होतो.

घोडागाडीतून मैदानात नेतात. लांब आडव्या दांडीने पाणी शेंदायच्या विहिरी, राखाडी रंगाची लांब शिंगांची गुरं, आणि राट्स्का नावाच्या मेंढ्या, ज्यांची शिंगं स्क्रूसारखी पीळ घेत वर जातात. आणि या सगळ्यात कुत्रे.

मेंढपाळाला तिथे दोन प्रकारचे कुत्रे लागत. एक पुली. आपल्या गुडघ्याएवढा, दहा-पंधरा किलोंचा, बहुतेक वेळा काळा. तो कळप हाकतो, वळवतो. पांढऱ्या-करड्या मेंढ्यांत तो मेंढपाळाला लांबूनही ओळखू यावा म्हणून काळा रंग सोयीचा. दुसरा कोमोंडोर. खांद्यापाशी सत्तर सेंटिमीटर किंवा त्याहून उंच, वजनाला माणसाएवढा, आणि रंगाने पांढरा. तो मेंढ्यांमध्येच मेंढीसारखा मिसळून बसतो आणि लांडगा आला की उठतो. लांडग्याचे दात त्याच्या जाड जटांमध्ये अडकतात, कातडीपर्यंत पोचत नाहीत. हिवाळ्यात पारा शून्याखाली असताना उघड्यावर झोपायला हेच पांघरूण. बेक या गायकाचा १९९६ चा 'ओडेले' अल्बम ज्यांनी पाहिला असेल त्यांना कव्हरवर अडथळा ओलांडून उडी मारणारा केसांचा ढीग आठवेल. तो कोमोंडोर. २००४ मध्ये हंगेरीच्या संसदेने देशी पशुधनाला राष्ट्रीय ठेवा म्हणून मान्यता दिली, त्यात या कुत्र्यांच्या जातीही आहेत.

वात वळावी तसं

ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या ओळखीने देब्रेत्सेनजवळच्या एका गावात पुली पाळणाऱ्या बाईंकडे जायला मिळालं. त्यांच्याकडे तीन पुली होते. त्यांना इंग्रजी बेताचं, मला हंगेरियन शून्य. सहकारी दुभाष्या झाला.

पहिली गोष्ट म्हणजे जटेला हात लावला तेव्हा ती मऊ नव्हती. घोंगडीच्या दशा चुरल्यावर लागतात तशी लागली. दोन जटा बाजूला करून बाईंनी मला खालची कातडी दाखवली. गुलाबी, कोरडी, स्वच्छ. प्रत्येक जट मुळाशी वेगळी, मधे भांग पाडावा तशी मोकळी रेघ. चिकूच्या पोटाखाली जे झालं होतं त्याच्या हे अगदी उलट होतं. तिथे केसांचा एकच पत्रा झाला होता आणि त्याखाली हवा जायला जागाच नव्हती.

जट कशी होते तेही समजलं. या कुत्र्यांना दोन थरांचे केस असतात, आतले मऊ आणि बाहेरचे जाड. गळलेला मऊ केस खाली पडत नाही, बाहेरच्या केसात गुंडाळला जातो. पिल्लू आठ-दहा महिन्यांचं झालं की मोठेपणीचे केस येतात आणि अंगावर गुठळ्या दिसायला लागतात. त्या तशाच सोडल्या तर एकमेकींना चिकटून नमदा तयार होतो. म्हणून रोज बसून प्रत्येक गुठळी बोटांनी कातडीपर्यंत फाडायची, बोटाएवढ्या जाडीचे भाग करायचे आणि वळून सोडायचे. कंगवा नाही, ब्रश नाही, फक्त बोटं. मला आजी आठवली. श्रावणात परातीत कापूस घेऊन ती गप्पा मारता मारता वाती वळायची, तेच काम. फरक एवढाच की ही वात हलते, कंटाळते आणि मधेच उठून मांजरामागे पळते.

पहिलं दीड-दोन वर्षं सगळ्यात जास्त मेहनत. नंतर जटा स्वतःचा आकार धरतात, तरी मुळाशी नवे केस येतच राहतात आणि शेजारच्या दोन जटा एकमेकींना धरायला बघतात. त्यामुळे दर काही दिवसांनी सगळं अंग चाचपून त्या सोडवाव्या लागतात. तोंडाभोवती अन्न अडकतं, तिथे पुसणं आणि कापणं. पंजांच्या तळाचे आणि शेपटीखालचे केस आखूड. कानाच्या आत हवा जाईल अशी जागा. जटा जमिनीपर्यंत पोचायला चार-पाच वर्षं लागतात.

आणि मग आंघोळ. हा भाग मी नीट लिहून घेतला. कोमट पाण्यात कुत्रा पूर्ण भिजायलाच बराच वेळ जातो, कारण कोरडी जट पाणी आत घेत नाही. शांपू आधी पाण्यात पातळ करून मग ओतायचा. चोळायचं नाही, स्पंज दाबतात तसं दाबायचं. चोळलं तर जटा एकमेकींत गुंततात. खळबळून शांपू पूर्ण जाईपर्यंत पाणी घालत राहायचं, नाहीतर आत राहिलेल्या शांपूने खाज सुटते. मग एकेक जट वरून खाली पिळायची. टॉवेलवर टॉवेल. त्यानंतर पंखे आणि ड्रायर. इतकं करूनही पूर्ण वाळायला एक दिवस, कधी दोन. आत ओल राहिली तर जटेला बुरशी लागते, वास येतो, आणि तो वास परत आंघोळ घालून जात नाही; ती जट कापावीच लागते. म्हणून आंघोळ वर्षातून मोजक्या वेळा, आणि बाहेर कोरडं, उन्हाचं वातावरण बघूनच.

मी विचारलं, मग पूर्वी मेंढपाळ हे सगळं करायचा? बाई हसल्या. कामाचा पुली पुष्कळदा मेंढ्यांबरोबरच वसंतात कातरला जायचा, त्या म्हणाल्या. जमिनीवर लोळणाऱ्या जटा हा प्रदर्शनांचा आणि घरच्या हौसेचा भाग. त्यांच्या तीनपैकी सर्वांत म्हाताऱ्या कुत्रीला त्यांनी स्वतः आखूड केलं होतं, कारण आता तिला वजन झेपत नाही आणि उन्हाळाही पूर्वीपेक्षा कडक होतो. ती अंगणात सावलीत पडली होती, आणि खरं सांगायचं तर तिघांत तीच सगळ्यात सुखी दिसत होती.

हे मी त्याच रात्री भाचीला व्हिडिओ कॉलवर सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पण मामा, करून बघितल्याशिवाय कसं कळणार?" इंजिनियरच्या घरातल्या मुलीने असं विचारल्यावर नाही कसं म्हणायचं? तडजोड अशी झाली की सगळ्या अंगावर नाही, उजव्या कानामागे फक्त तीन जटा. बाकी चिकू आखूडच राहील.

बडोद्याचं गणित

होर्तोबाजच्या भागात वर्षाला साधारण पाचशे मिलिमीटर पाऊस पडतो. तोही बारा महिन्यांत विखुरलेला. ३१ जुलै २०१९ ला बडोद्यात चोवीस तासांत जवळपास तेवढाच, ४९९ मिलिमीटर पाऊस पडला होता. म्हणजे त्या मैदानाचा वर्षाचा पाऊस आपल्याकडे एका दिवसात. हा आकडा मी भाचीला दाखवला तेव्हा तिने तो तिच्या वहीत मोठ्या अक्षरात लिहिला.

पावसापेक्षाही हवेतला दमटपणा जास्त नडतो. जून ते सप्टेंबर आपल्या घरांत जीन्स दोन-दोन दिवस दोरीवर असते. मग कातडीला चिकटलेल्या, बोटाएवढ्या जाड केसांच्या दोरीचं काय? जुलैअखेर मी बडोद्याला परतलो तेव्हा तीन जटा तयार होत्या, करंगळीएवढ्या. भाचीने मी सांगितल्याप्रमाणे रोज त्या मुळाशी सोडवल्या होत्या आणि त्या दिसायला खरोखर सुबक होत्या. एका रविवारी सकाळी आम्ही चिकूला आंघोळ घातली. अंगावरचे आखूड केस टॉवेल आणि पंख्याने अर्ध्या तासात वाळले. जटा पिळल्या, टिपल्या, त्यांनाही पंखा लावला. संध्याकाळी हाताला कोरड्या वाटत होत्या. सोमवारी सकाळी भाचीने जटेभोवती टिश्यू गुंडाळून चिमटीत घट्ट दाबला, तर तो ओला निघाला. मंगळवारी शाळेतून आल्यावर तिने नाक लावून पाहिलं आणि काही न बोलता मला खूण केली. पावसाळ्यात बंद कपाटात राहिलेल्या टॉवेलचा वास. त्याच संध्याकाळी तिने स्वतः, हलक्या हाताने, कंगवा कातडी आणि कात्रीच्या मधे धरून तिन्ही जटा कापल्या.

मला त्या मुलीचं कौतुक वाटलं. हट्ट सोडायला मोठ्यांनाही जड जातं.

उन्हाळ्याचा हिशोब वेगळा मांडायलाच नको. मेमध्ये आपल्याकडे पारा बेचाळीसच्या पुढे जातो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून, धापा टाकून शरीर थंड करतो. जटांचं पांघरूण थंडी बाहेर ठेवतं तसं काही प्रमाणात ऊनही बाहेर ठेवतं, पण आतली उष्णता बाहेर पडायला हवेचा झोत लागतो, आणि दुपारी लाईट गेल्यावर तो कुठून आणायचा?

इथे मला आपले मेंढपाळ आठवतात. गुजरातेतले रबारी, भरवाड असोत की घाटावरचे धनगर, त्यांच्या कळपाबरोबरची कुत्री बहुतेक आखूड केसांची, लांब पायांची असतात. लोकर असते ती धनगराच्या खांद्यावर, घोंगडीच्या रूपात. पाऊस आला की पांघरायची, ऊन पडलं की काढून काठीवर टाकायची. कुत्र्याला त्याचं पांघरूण काढून ठेवता येत नाही. हंगेरीत ते काढायची गरज कमी पडायची, आणि पडली की मेंढपाळ कात्री घ्यायचा.

आजींची जट

वरच्या आजींना चिकूच्या जटा कापल्याचं कळलं तेव्हा त्यांनी ताईला हळूच विचारलं, काही त्रास तर नाही ना झाला? त्यांच्या विचारण्यात काळजी होती, कारण त्यांच्या माहेरी, सातारकडे, एका चुलतीच्या डोक्यात जट झाली होती आणि कोणी हात लावू दिला नव्हता. ती बाई वर्षानुवर्षं मान वाकडी करून झोपायची. ताईने त्यांना चिकूचे पुराच्या वेळचे फोटो दाखवले, कातडीचे. माणसाच्या काय, कुत्र्याच्या काय, न विंचरलेल्या ओल्या केसांचा गुंता होतो आणि त्याखाली कातडी सडते, त्यात देवीचा काही संबंध नाही, असं तिने शांतपणे समजावलं. महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारी मंडळी कित्येक वर्षं घरोघरी जाऊन बायकांच्या जटा सोडवतात, त्या कामाची गोष्टही सांगितली. आजी फोटोंकडे बराच वेळ बघत होत्या. "पुलीवाली बाई रोज हात फिरवते म्हणालास ना?" त्यांनी मला विचारलं. मी हो म्हणालो. "आमच्या चुलतीला तेवढंही कोणी केलं नाही," त्या म्हणाल्या.

लांबून पुलीची जट आणि दुर्लक्षातून झालेली जट सारखीच दिसते. पुलीच्या जटेमागे कोणाची तरी रोजची बोटं असतात.

घरात केसाळ कुत्रा असेल तर

आपल्या मंडळातल्या कितीतरी घरांत आता पूडल, शित्झू, ल्हासा आप्सो, पॉमेरेनियन आहेत. तरुण मंडळी परदेशातून येताना नव्या जातींचे फोटो घेऊन येतात. त्यांच्यासाठी आम्ही जे ठरवलं ते सांगतो, उपयोगी पडेल.

चिकूचे केस आता वर्षभर आखूड, पावसाळ्यात तर बोटाच्या पेराएवढेच. दर पाच-सहा आठवड्यांनी कापणी. आठवड्यातून तीनदा विंचरणं, आणि तेही वरवर नाही; केस ओळीओळीने बाजूला करून मुळापासून. कानामागे, काखेत, मांडीच्या आत आणि पट्ट्याखाली आधी बघायचं, गुंता तिथेच सुरू होतो. छोटा गुंता बोटांनी फोडायचा, ओला करायचा नाही. पाणी लागलं की तो आवळतो. कातडीला घट्ट चिकटलेला गठ्ठा घरी कात्रीने कापायचा नाही, डॉक्टरांकडे किंवा जाणकाराकडे न्यायचं, कारण गठ्ठ्यात कातडी कुठे संपते ते दिसत नाही. जून लागायच्या आधी एकदा पूर्ण कापणी. आणि पुराच्या पिशवीत, जिथे आपण कागदपत्रं, टॉर्च आणि औषधं ठेवतो, तिथे चिकूची लसीकरणाची वही, दोन जुने टॉवेल आणि एक कंगवा प्लास्टिकमध्ये बांधून ठेवलेला आहे. नदीकाठी राहणाऱ्यांनी एवढं करावंच.

नवीन कुत्रा घ्यायच्या विचारात असाल तर त्याचा फोटो बघून झाल्यावर त्याचा मुलूख बघा. तिथे पाऊस किती, थंडी किती, तो दिवसभर काय काम करायचा. मग आपल्या गॅलरीत उभं राहून हवा कशी आहे ते बघा.

आणि पुली बघायचाच असेल तर होर्तोबाजला जरूर जा. मे किंवा सप्टेंबर चांगला. बुडापेस्टहून सकाळी लवकर निघालात तर रात्रीपर्यंत परत येता येतं, पण देब्रेत्सेनला एक रात्र राहिलात तर मैदानावरची संध्याकाळ मिळेल. मालकाची परवानगी घेऊन जटांमध्ये बोटं घाला आणि कातडीपर्यंत पोचा. बोटांना कोरडी ऊब लागेल आणि हाताला गवताचा वास राहील.